निकम सरांचं सातवं प्रकरण

निकम सर गेल्याचा फोन कॉलेजात आला तेव्हा मी वर्गात होते. शिपाई दाराशी येऊन नुसता उभा राहिला, आणि त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. मुलांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. हातातला खडू तसाच मुठीत होता, तो मिरजेला हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना लक्षात आला. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळच होते. दुखणं पाठीच्या मणक्यात उतरलं होतं. गेली कित्येक वर्षं ज्या माणसानं सांगलीत मुलांना ‘वेदना म्हणजे काय’ हे शिकवलं, त्याला शेवटी ती अशी भेटावी... दीड महिना झाला, तरी हा विचार मला पुरा करता येत नाही.

निकम सर आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. मी त्यांच्याच विभागात तर्कशास्त्राला होते, त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. लग्न त्यांनी केलं नव्हतं. विश्रामबागेत एका घराच्या माडीवर एक खोली होती, तिच्यात एक खाट, एक टेबल आणि पुस्तकं. परदेशातून नियतकालिकं बोटीनं यायची, चार-चार महिने उशिरा. तिकडे वाद मिटून गेलेला असे आणि इकडे सर तो ताजा ताजा म्हणून आम्हाला सांगत. त्यातूनच त्यांना कार्यवाद सापडला. मन म्हणजे मेंदूचं मांस नव्हे आणि आत्मा नावाची वेगळी वस्तूही नव्हे. मन म्हणजे एक काम, असं मत तो मांडतो. वेदना म्हणजे काय? इजा झाली की जी अवस्था येते, जी माणसाला हात मागे घ्यायला लावते, विव्हळायला लावते, पुन्हा तिथं जाऊ नको म्हणून बजावते, ती. हे काम कशाकडून होतं याला महत्त्व नाही.

हे समजवायला त्यांना परदेशी उदाहरणं लागत नसत. शेतकऱ्यांच्या मुलांपुढे ते विहिरीचा विषय काढत. पूर्वी बैलांची मोट होती, मग डिझेलचं इंजिन आलं, आता विजेची मोटर आहे. चामडं, लोखंड, तांब्याची तार, सगळं बदललं. पाणी वर काढायचं काम तेच राहिलं. वर्गात जतकडची मुलं असत. त्यांना विचारायचे, तुमच्या घरी दुखण्याला काय म्हणतात? ती लाजत कानडीत ‘नोवु’ म्हणायची. “बघा,” सर म्हणायचे, “शब्द वेगळा, काम एकच.” मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना पटायचं. मलाही पटायचं.

या मताच्या बाजूनं त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध चालू होता. सहा प्रकरणांचा आराखडा होता. पाच होत आली होती, तेव्हा एकाहत्तरची लढाई झाली आणि त्यांच्या थोरल्या भावाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

या भावाला सर दादा म्हणत. वडील लवकर गेले, तेव्हा दादा फौजेत भरती झाले आणि धाकट्याला शिकवलं. पुण्याच्या लष्करी इस्पितळातून ते कोरेगावकडच्या आपल्या गावी परतले, आणि तेव्हापासून त्यांचा नसलेला पाय दुखायला लागला. टाच जळते म्हणायचे. बोटं आवळल्यासारखी होतात म्हणायचे. सरांना वाईट वाटलं, ते मी पाहिलं आहे. पण त्याचबरोबर त्यांच्या डोळ्यांत एक चमकही आली होती, ती मी नाकारणार नाही. पाय नाही आणि वेदना आहे... म्हणजे वेदना पायात नव्हतीच, ती त्या कामात होती! सहावं प्रकरण त्यांना घरातच मिळालं होतं. दर रविवारी ते एस.टी.नं गावी जायचे आणि दादांना विचारून वहीत उतरवून घ्यायचे. केव्हा दुखतं, किती वेळ, तेव्हा तुम्ही काय करता, कुणाला हाक मारता. असं चार महिने चाललं.

माझं माहेर साताऱ्याचं. मे महिन्यात तिकडे गेलो असताना एका रविवारी मी आणि माझे यजमान सरांच्या गावी गेलो. दादा अंगणात बाजेवर बसले होते. सरांनी नेहमीप्रमाणे वही उघडली आणि आम्ही आहोत म्हणून उत्साहानं दादांनाच आपला सिद्धान्त समजावून सांगायला लागले, मोटेपासून मोटरीपर्यंत. दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग ते शांतपणे म्हणाले, “वसंता, मोट हुती तवा सांजच्याला बैलाच्या मानंवरनं हात फिरवायचो आपण. सुजल्याली मान हाताला लागायची. मोटरीवरनं कवा हात फिरवलाय का रं?”

सर काहीतरी सांगू लागले. दादांनी हातानंच थांबवलं.

“तू समदं लिवलंस. मी काय करतो, काय म्हनतो. पर दुखतंय त्ये न्हाई आलं तुज्या वहीत. ऱ्हाऊ दे आता.”

आवाज चढला नव्हता. पण त्या दिवसानंतर त्यांनी पायाबद्दल एक शब्द सांगितला नाही, आणि सरांनी विचारला नाही. परतीच्या वाटेवर सर स्टँडवर एकदाच बोलले. या मतावर तिकडचे टीकाकार हेच म्हणतात, सगळं काम जसंच्या तसं चालेल आणि आत कुणालाच काही होत नसेल, असं यंत्र कल्पिता येतं. त्याला काय म्हणाल? त्यांना मी गेली तीन वर्षं उत्तर देतोय, म्हणाले. दादाला देता आलं नाही.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी सातवं प्रकरण लिहिलं. आधीची सहा इंग्रजीत, हे एकच मराठीत. त्यात आपल्याच सहा प्रकरणांविरुद्ध ते उभे राहिले होते. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं, एक तर हे काढा, नाहीतर बाकीचं बदला. सरांनी दोन्ही केलं नाही. सहा प्रकरणं खोटी नाहीत, फक्त अपुरी आहेत, असं त्यांचं म्हणणं, आणि असा प्रबंध कुणी घेत नाही. मी त्यांना सांगितलं होतं, आत्ता काढा, पदवी पदरात पडू द्या, मग हवं तर वेगळं छापा. ते हसले होते. व्यवहाराचा सल्ला होता, चुकीचा नव्हता... पण तो मी दिला, याचं मला आज बरं वाटत नाही. प्रबंध टेबलाच्या खणात गेला, आणि बढतीच्या यादीत सरांचं नाव कधी आलं नाही.

आजारपण त्यांनी दादांना कळू दिलं नाही. मी दोनदा पत्र लिहायला बसले आणि दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं. “तो कुबड्या घेऊन येईल, आणि मी त्याला काय सांगू?” म्हणाले. मी ऐकलं. दादा आले ते सर गेल्यावर, पुतण्याच्या खांद्याचा आधार घेत.

दिवसकार्य झाल्यावर ते सामान न्यायला विश्रामबागेच्या खोलीवर आले. जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. मी पुस्तकं बांधत होते. खणातलं सातवं प्रकरण काढून मी त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे सरांनी तुमच्यासाठी मराठीत लिहिलं होतं. सरांनी तसं मला कधी सांगितलं नव्हतं. पण दुसरं कुठलं कारण मला अजूनही सुचत नाही.

दादा खाटेवर बसले. चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. “मी माझ्या भावाला चार महिने प्रश्न विचारले, त्याच्याजवळ नुसतं बसायचं मात्र मला सुचलं नाही.” पुढं त्यांनी वाचलं नाही. कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले.

“आवं बाई,” त्यांनी विचारलं, “शेवटाला लय दुखलं का वो त्येला?”

मी सांगायला लागले. हॉस्पिटलातल्या खाटेची लोखंडी पट्टी धरून ठेवायचे. भिंतीकडे तोंड करायचे. इंजेक्शन दिलं की तासभर डोळा लागायचा, जागे झाले की कॉलेजचं विचारायचे. एवढं सांगून मी थांबले, कारण मी काय करते आहे ते माझ्याच लक्षात आलं. “त्यांना आत काय होत होतं,” मी म्हटलं, “ते मला सांगता यायचं नाही.”

“न्हाईच यायचं,” दादा म्हणाले. “पर तुमी जवळ बसला हुता न्हवं?”

“हो. रोज.”

त्यांनी मान हलवली. मग चष्मा काढून, सरांच्या खाटेवर स्वतःच्या शेजारची चादर हातानं साफ केली, आणि मला बसायला सांगितलं.