खात्रीभाऊचा लाल ठिपका

खात्रीभाऊच्या घरात छत्रीपासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तूला कुठं ना कुठं लाल ठिपका असायचा. बायकोच्या नेलपॉलिशचा. चपलेला टाचेच्या आतल्या बाजूला, छत्रीला मुठीच्या खाली. जगात निम्मी माणसं वस्तू बदलतात आणि उरलेली निम्मी त्यांना मदत करतात, हे त्याचं पक्कं मत. त्यात धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की हा आधी आतल्या एकेका भागाला बारीक ठिपका देणार आणि मगच पान्याला हात लावणार. "खात्री करून घेतलेली बरी," हे वाक्य उठता-बसता तोंडात. गल्लीनं त्यावरूनच नाव पाडलं. त्याचं खरं नाव आता वीजबिलावर तेवढं उरलं होतं.

सगळ्या जगावर त्याचा संशय होता, पण मेव्हण्यावर जरा मायेनं जास्त. मेव्हणा कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचा. मागं त्यानं ह्याला एक वापरलेला स्क्रीन दिला, तो महिन्याभरात आंधळा झाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बायकोला तो एकच भाऊ. तिनं काही वर्षं कळ काढली आणि शेवटी दोघांना कसंबसं एका टेबलावर बसवलं. भाऊ घरी परतल्यावर नवऱ्याला म्हणाली, "या खेपेला तोंड सोडलंत तर माझं माहेर संपलं. मग ह्या घरातही मी कामापुरतंच बोलेन. सांगून ठेवते."

अशात मेव्हण्यानं भाचीसाठी नवंकोरं ग्राफिक्स कार्ड पाठवलं. लेकीचं काम असं, की जे घर अजून बांधलंच नाही ते स्क्रीनवर उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला त्यातून हिंडवून आणायचं. हे चित्र रंगवण्याचं सगळं ओझं त्या कार्डावर. तिचं जुनं कार्ड पार दमलं होतं. पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि गिऱ्हाईक जिन्यातच अडकून पडायचं.

"कितीला दिलं?" खात्रीभाऊनं विचारलं.

"मामानं भेट दिलंय, बाबा."

"भेट?" म्हणजे शंभर टक्के काळंबेरं. बाजारात जुनी कार्डं धुऊनपुसून, आतलं नाव बदलून नवी म्हणून खपवतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. नाव नव्याचं, पोट जुन्याचं. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं, वजन पाहिलं, स्क्रूवर ओरखडे शोधले, वास घेतला. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय वाढला. मग ठिपका दिला. मेव्हण्याचा माल म्हणून जरा ढळढळीत दिला, आणि वाळायच्या आत कार्ड मशीनमध्ये बसवलं.

तुलना मात्र त्यानं चोख केली. मशीन तेच, स्क्रीन तोच, घरही तेच. संगमरवरी फरशी, काचेच्या भिंती, बागेत झाडं. दाराशी उभं राहायचं, दिवाणखान्यातून जिना चढून गच्चीवर जायचं, आणि सेकंदाला किती चित्रं पडतात ते बघायचं. जुनं कार्ड धापा टाकत का होईना, गच्चीवर पोचलं. नवं कार्ड दिवाणखान्यातच अडखळलं. फरशी आधी धुरकट, मग एकेक तुकडा उगवतोय. आकडा जुन्याच्या निम्म्यालाही शिवेना.

"बघ," तो लेकीला म्हणाला. आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त.

तिनं माहितीची खिडकी उघडली. "बाबा, इथं काहीतरी वेगळंच दिसतंय. कार्डाला माल पोचवायला सोळा पट्ट्यांचा रस्ता असतो ना? इथं एकच चालू दाखवतंय."

"नकली माल. नकलीला कशाला लागतात सोळा?"

रविवारी दुपारी त्यानं मेव्हण्याला चहाला बोलावलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याच्याकडं नीट बघत म्हणाली, "तुम्ही? आपणहून?"

"का? मला मेव्हणा नाही?"

"आहे की. म्हणून तर विचारते."

मेव्हणा आला तोही दबकतच. चहा घेण्याआधी त्यानं इतरांचे कप पाहिले.

"भावोजी, कार्ड कसं चाललंय?"

"चालत नाही, रांगतंय. कुठल्या जुन्याचं नाव बदललंत, तेवढं सांगा."

बायकोनं ट्रे खाली ठेवला. आवाज झाला तेवढाच.

"ताई, तूच बघ. खोकं माझ्यासमोर फुटलं नव्हतं," मेव्हणा म्हणाला. "मी बंद दिलं. उघडलं ह्यांनी. आता आत जे आहे ते माझंच कशावरून?"

"म्हणजे मी बदललं?"

"मी कुठं म्हणालो? तुम्हीच खात्री करून घ्या."

खात्रीभाऊला हाच शब्द हवा होता. "ठिपका आहे माझा. काढा बाहेर आणि बघा."

मेव्हण्यानं मशीन बंद केलं, वायर काढली, कार्ड ओढलं आणि दिव्याखाली धरलं. ठिपका होता. पण ठिपक्याला खाली शेपूट फुटलं होतं. कडेवरून ओघळून ते थेट सोनेरी दातांवर उतरलं होतं, जे दात मशीनच्या खाचेत बसतात. तिथं लाल रंग चोपडला जाऊन वाळला होता.

"भावोजी," मेव्हणा हळूच म्हणाला, "रस्ता तुम्हीच बंद केलाय. आता कितीही दांडगं कार्ड असू दे, माल पोचेल तेव्हा चित्र काढणार ना?"

बायको पुढं वाकली. "हा माझा नवा डाळिंबी. ह्यांना जुनी बाटली दिलीय मी. आठवडाभर बाटली शोधतेय मी. मला वाटलं हिनं उचलली."

"मला वाटलं तूच माझ्यापासून लपवलीस," लेक म्हणाली.

 बायको आत गेली, नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस घेऊन आली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. सोनेरी दात त्यानंच पुसले, एकेक करून, मान खाली घालून. वाळू दिले. बसवलं.

नवं कार्ड दारातून निघालं ते गच्चीवरच थांबलं. सोळाच्या सोळा पट्ट्या चालू. फरशीत झुंबराचं प्रतिबिंबसुद्धा पडलं. आकडा जुन्याच्या दुपटीच्या वर.

"जुनं परत लावून बघू एकदा," खात्रीभाऊ म्हणाला.

"बाबा!"

लावलं. जुन्याचा आकडा होता तोच आला. खात्रीभाऊनं नवं कार्ड पुन्हा बसवलं आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "माल चोख आहे."

ह्याहून जास्त माफी त्या घरानं कधी ऐकली नव्हती. मेव्हण्यानं ती घेतली आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. कप खाली ठेवताना सहज म्हणाला, "भावोजी, तो माझा स्क्रीन आंधळा झाला होता. त्याला कुठं दिला होतात ठिपका?"

ठिपका खात्रीभाऊनं दिला तर होता. कुठं दिला ते आठवेना, आणि आठवायची इच्छाही होईना.

"तो विषय नको आता," बायको म्हणाली. पण तीही नवऱ्याकडंच बघत होती. मग तिनं नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून डाळिंबी बाटली शोधून काढली आणि टेबलावर आपटली. "घ्या. माझ्या भावाच्या कपाळालाच ठिपका लावा एकदाचा. पुढच्या वेळी हाच आला की कुणी बदलून पाठवला, ते तरी कळेल."

लेक हसली, मेव्हणा हसला. खात्रीभाऊनं बाटलीकडं पाहिलं, मग मेव्हण्याच्या कपाळाकडं. विचार वाईट नव्हता.