गोनेरी ल बिहानचा कान

“माझं काम ऐकायचं, ठरवणारे वेगळे असतात,” असं गोनेरी ल बिहान एकदा मुलीच्या शाळेत म्हणाला होता. बापाचा व्यवसाय काय, एवढंच बाईंनी विचारलं होतं. त्यांनी क्षणभर पेन थांबवलं आणि रकान्यात ‘गोदी कामगार’ असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

पाणबुडी समुद्रावरून परतली की तिला लोरियां बंदरातल्या केरोमां तळाच्या काँक्रीटच्या गुहेत घेत आणि पाणी उपसून कोरडी करत. मग गोनेरी पितळी हातोडी घेऊन तिच्या पोटाखाली शिरायचा. ठोकायचं आणि ऐकायचं. निरोगी पत्रा वाजतो. आतून झिजलेला किंवा सांध्यात सुटलेला पत्रा तोंड मिटून घेतो. जिथे आवाज मरेल तिथे खडूने वर्तुळ काढायचं आणि पुढे सरकायचं. ते वर्तुळ का काढलं, असं कुणी विचारत नसे. आणि ते पुसायचा हक्क फक्त काढणाऱ्याला. ॲडमिरल आला तरी त्याने हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

चौतीस वर्षं त्याने हे केलं. त्याचा जन्म युद्ध संपल्यावरचा, बेघरांसाठी बांधलेल्या लाकडी बराकीतला. बॉम्बफेकीत सगळं लोरियां शहर जमीनदोस्त झालं आणि ज्याच्यासाठी बॉम्ब टाकले तो जर्मन पाणबुड्यांचा तळ मात्र सात मीटर जाडीचं छप्पर डोक्यावर घेऊन जसाच्या तसा उभा राहिला. त्याची आई मरेपर्यंत त्या दिशेला पाठ करून बसायची. सतराव्या वर्षी गोनेरी तिथेच कामाला लागला, तेव्हा तिने आठवडाभर त्याच्यासमोर सूपची ताटली नुसती आदळली, बोलली नाही.

नौदल तळ सोडून गेलं आणि त्याच्याबरोबर हातोडीही सरकारजमा झाली. कान मात्र घरी आला. तेव्हापासून या माणसाला स्वस्थता नव्हती. पाव आणला की तो उलटा करून ठोकायचा. जेवणाचं टेबल, दाराची चौकट, पाण्याची टाकी ठोकायचा. रविवारी शेजाऱ्यांकडे गेला तर त्यांची भिंत ठोकायचा. बायको सोलांज म्हणायची, “घरात पाणबुडी नाहीये, गोनेरी. तो पाव आहे. खा.”

मुलगी एनोरा मोठी झाली आणि नेमकी त्याच तळावर नोकरीला लागली. पाणबुड्यांच्या जागी आता शर्यतीच्या नौका आल्या होत्या. बंकरांसमोर नव्या शेड उभ्या राहिल्या, धक्क्यावर लोखंडाऐवजी उंच काळ्या डोलकाठ्या दिसू लागल्या. एनोरा कार्बनच्या नौका दुरुस्त करायची. सात वर्षं ती बापाला म्हणत होती, एकदा ये, बघून जा. सात वर्षं त्याचे गुडघे, त्याची बाग, त्याचा सर्दी-खोकला आड येत होता. सतरा वर्षांत त्याने त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. बाजारात जातानाही तो बंदराकडून न जाता वरच्या रस्त्याने जायचा, आईसारखाच.

ऑक्टोबरच्या शेवटी एनोरा जेवायला आली आणि म्हणाली की एका नौकेची दुरुस्ती पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या सहीने झाली आहे. नौका सप्टेंबरमध्ये समुद्रात तरंगत्या ओंडक्यावर आदळली होती. पुढच्या बाजूचा दीड मीटर भाग कापून तिने नवा बसवला होता, आतला फोम नवा, बाहेरचं कार्बनही नवं. तपासनिसाने ध्वनिलहरींचं यंत्र लावून मंगळवारी पसंती दिली. उद्या दुपारच्या भरतीला नौका सेंट मालोला निघणार, तिथून शर्यत, अटलांटिकपार, एकटी बाई. हे सगळं एनोराने बापाकडे न बघता सांगितलं. सोलांजने टेबलाखालून नवऱ्याला पाय मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. जिथे पहारेकऱ्याची चौकी होती तिथे आता कॉफी मिळत होती, तरी त्याचा हात ओळखपत्रासाठी आपोआप खिशात गेला. खिशात सोलांजने दिलेला, कागदात बांधलेला, लोण्याचा ब्रेतॉं केक होता. बंकरकडे त्याने पाहिलं नाही. पण पाठीला ते कळत होतं, खोलीत कुणी उभं असल्यासारखं.

शेडमध्ये नौका पट्ट्यांवर टांगलेली होती. गोनेरीला ती नौका वाटलीच नाही. सोललेल्या पक्ष्यासारखं काहीतरी, इतकी हलकी की भीती वाटावी. दोरखंडाचं काम बघणारा ब्रेव्हाल शिडीवरून खाली उतरला, केकचा तुकडा तोडला आणि म्हणाला की पाणबुडीवाले काका आले म्हणजे आता नौका बुडवूनच दाखवतील. नौकेची कप्तान तिफेन, चाळिशीची, आखूड केसांची, पुढे येऊन हात मिळवून म्हणाली, “मस्यू ल बिहान, तुमच्या मुलीच्या कामावर मी बारा रात्री झोपणार आहे. पंधरा-पंधरा मिनिटं झोपेन, पण झोपेन.”

एनोराने बापाला आपण बसवलेला नवा भाग दाखवला. रंग इतका एकजीव होता की तो भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. गोनेरीने मान हलवली. खरं तर त्याला म्हणायचं होतं की छान आहे. पण तोवर त्याच्या हाताने खिशातलं दोन युरोचं नाणं काढलं होतं.

टक, टक, टक. कार्बनचा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. कोरडा, उंच, सुक्या लाकडासारखा. नाणं सरकत गेलं. मग एका जागी, वीतभर रुंदीत, आवाज मेला. तो मागे आला, पुन्हा गेला. पुन्हा मेला.

शेजारच्या बाकावर खुणा करायची पांढरी मेणपेन्सिल पडली होती. ती त्याने केव्हा उचलली हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. काळ्या रंगावर पांढरं वर्तुळ उमटलं आणि तो सवयीने एक पाऊल पुढे सरकला.

शेडमध्ये कुठेतरी चाललेलं यंत्र थांबलं. ब्रेव्हाल म्हणाला, “दोन युरोत तपासणी. आपला तपासनीस किती घेतो?”

एनोराचा चेहरा उतरला, पण आवाज शांत होता. तिने समजावलं की लाटेचा मार जिथे बसतो तिथे फोम मुद्दाम दाट घालतात, तिथे आवाज बसकाच येणार. यंत्रातही तसंच दिसलं होतं.

“असेल,” गोनेरी म्हणाला.

“असेल नाही पपा, आहे.” तिने त्याच्या हातात फडकं दिलं. “पूस.”

त्याने फडकं घेतलं. हात वर्तुळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

एनोरा वर्षाची असताना त्याने एकदा असंच एक वर्तुळ काढलं होतं, एका पाणबुडीच्या बॅटऱ्यांच्या कप्प्याखाली. दुसऱ्या दिवशी स्वतःलाच शंका आली म्हणून पुन्हा ठोकलं, तर पत्रा वाजला असं वाटलं. त्याने स्वतःच्या बाहीने वर्तुळ पुसलं. पाणबुडी सत्तेचाळीस दिवस पाण्याखाली होती. ते सत्तेचाळीस दिवस तो पहाटे धक्क्यावर जाऊन उभा राहायचा, घरी येऊन मुलीला मांडीवर घ्यायचा आणि तिच्या पाठीवर बोटं वाजवत बसायचा. पाणबुडी परत आली. खलाशी दाढ्या वाढवून, हसत उतरले. तो पत्रा कुणी उघडून पाहिलाच नाही. पुढे रंग चढला, पुढे ती भंगारात गेली. तेव्हा आपला कान पहिल्यांदा बरोबर होता की दुसऱ्यांदा, हे त्याला कधीच कळलं नाही. माणसं मेली असती तर निदान कळलं असतं, असा विचार एका पहाटे त्याच्या मनात येऊन गेला होता, आणि त्या विचारासाठी त्याने स्वतःला माफ केलं नव्हतं.

फडकं तसंच हातात घेऊन तो म्हणाला, “मला पुसता येणार नाही.”

“मग मी पुसते,” एनोरा म्हणाली. पण तीही पुढे झाली नाही. रिवाज तिलाही माहीत होता. ती त्याच घरात वाढली होती.

तिने यंत्र मागवलं. सगळ्यांसमोर ते पुन्हा त्या जागेवर फिरवलं. यंत्र म्हणालं, ठीक. तिने यंत्राचा पडदा तिफेनला दाखवला. तिफेनने बराच वेळ पाहिला. मग ती नौकेखाली गेली, वर्तुळाला हात न लावता त्याच्याकडे बघत राहिली.

“एनोरा, यंत्र बरोबर आहे. तुझं कामही बरोबर आहे, यात मला शंका नाही,” ती म्हणाली. “पण हे मी पाहिलंय आता. तिकडे एकटी असताना प्रत्येक लाटेला मला हेच दिसेल. उघड.”

एनोराने हिशेब मांडून दाखवला, बोटांवर. उघडायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा तापवून घट्ट करायचं, म्हणजे आजची भरती गेली. बाकीच्या नौका आज निघतील, तिफेन उद्या रात्री, येणाऱ्या वादळाच्या तोंडावर, एकटी. आणि तपासनीस विचारेल की मंगळवारी पास झालेलं काम गुरुवारी कुणी कापलं. तेव्हा कागदावर सही तिची असेल.

“माहीत आहे,” तिफेन म्हणाली. “उघड.”

ब्रेव्हालने दिवा धरला. एनोराने मास्क चढवला, गोल करवत लावली. काळी धूळ उडाली. गोनेरी तिथेच उभा होता. कुणी त्याला बाजूला हो म्हटलं नाही आणि कुणी थांब म्हटलं नाही. खुर्ची दिली ती त्याने घेतली नाही. बोटं मांडीवर वाजत होती. ती त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवली. आत पाणी असेल, पोकळी असेल, थर सुटलेला असेल, अशी तो वाट बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण तशी इच्छा करतोय. पोटच्या मुलीचं काम कुजकं निघावं अशी. त्याने डोळे मिटले, पण करवतीचा आवाज डोळ्यांनी थांबत नव्हता.

तुकडा निघाला, कॉफीच्या वाडग्याच्या बुडाएवढा. एनोराने तो बाकावर ठेवला, छिन्नी लावली, थर सुटतात का पाहिलं. सुटले नाहीत. जोर लावला. छिन्नी घसरली, थर जागचे हलले नाहीत. कार्बन, दाट फोम, कार्बन, एकमेकांत रुतलेले.

ब्रेव्हालने तुकडा उचलून उजेडात फिरवला. “चर्चच्या पायाभरणीत घालावा असा पक्का आहे,” तो हळूच म्हणाला. तिफेनने एनोराच्या खांद्यावर हात ठेवला. आता आपण झोपू शकू, असं ती म्हणाली, आणि निघायची नवी वेळ कळवायला फोन घेऊन बाहेर गेली.

एनोराने मास्क काढला. नाकाभोवती धुळीची काळी कड होती. तिने तुकडा बापाच्या तळहातावर ठेवला. तो जवळजवळ बिनवजनाचा होता.

“बघ,” ती म्हणाली. “काही नव्हतं.”

गोनेरीने तुकडा उलटा केला, सुलटा केला. काही नव्हतं. तो चुकला होता. या वयात, चारचौघांत, मुलीची भरती बुडवून, तिच्याच अंगाला पाडावं तसं तिच्या कामाला भोक पाडून तो चुकला होता. आणि छातीत कुठेतरी, खूप खाली, काहीतरी सैल होत होतं. म्हणजे हा कान चुकू शकतो. म्हणजे तेव्हाही चुकला असेल. म्हणजे कदाचित त्या पत्र्याला कधी काही झालंच नव्हतं, आणि धक्क्यावरच्या त्या सगळ्या पहाटा फुकटच्या होत्या. लगेच दुसरा विचार आला की कार्बन म्हणजे लोखंड नव्हे, आणि याने त्याचं काहीच सिद्ध होत नाही. तरी ती सैल झालेली गोष्ट पुन्हा आवळली जात नव्हती. ओठांच्या कडा हलत होत्या. तोंड उघडलं तर हसू बाहेर पडेल अशी त्याला भीती वाटली, आणि समोर मुलगी उभी होती, डोळ्यांत धूळ, पुढे वीस तासांचं काम.

“पपा,” एनोरा म्हणाली. “निदान काहीतरी बोल.”

त्याने तुकडा बाकावर ठेवला, उरलेला केक कागदात नीट गुंडाळून तिच्या हातमोज्यांशेजारी ठेवला, टोपी घातली, आणि खाली मान घालून, ओठ घट्ट मिटून शेडच्या मोठ्या दारातून बाहेर निघून गेला.