चिखल धुतला म्हणून

गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्या मावशींचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांची गाठोडी, मागे त्या आणि त्यांचे म्हातारे सासरे. नवरा तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ बोलवत होता, पण दम्यानं बेजार झालेल्या सासऱ्यांना टाकून त्या गेल्या नाहीत. चप्पल घालून कुणी आत पाय टाकला, की मावशी त्याला उंबऱ्यावरूनच माघारी धाडायच्या. "सून कसली, हवालदार आहे हवालदार," असं म्हातारा कौतुकानं सांगायचा.

वादळ आलं तेव्हा आधी कौलं उडाली, मग नदी गल्लीत शिरली. शेजारच्या वायरमननं म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आपल्या गच्चीवर चढवलं म्हणून दोघं वाचली. पाणी ओसरल्यावर मावशी घरात आल्या तर पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. गाठोड्यांतले लोकांचे कपडे कुजले होते. टेबल फुगून उकललं होतं. अंथरूण, धान्य, सगळ्याचा एकच लगदा झाला होता.

सरकारी मदत मिळणार, घरोघरी पाहणी होणार, असं कळलं. गल्लीतले लोक चिखल तसाच ठेवून बसले. मावशींनी मात्र पदर खोचला.

"मावशी, थांबा जरा," वायरमन म्हणाला. "साहेबांना बघू दे आधी."

"साहेब येतील तेव्हा येतील. बाबांना श्वास आत्ता घ्यायचाय."

वासानं गच्चीवरही म्हाताऱ्याचा जीव कासावीस होत होता, हे खरंच होतं. मावशींनी खराटा घेऊन घर घासलं. कुजलेलं सामान कचऱ्याच्या गाडीत टाकलं. वायरमननं उडालेली कौलं पुन्हा घालून दिली, मावशींनी भिंतींना चुना फासला आणि मगच सासऱ्यांना घरी आणलं.

पाहणीचा माणूस आला तो बऱ्याच दिवसांनी. पोरगेलासा, वागायला नम्र. दारात त्यानं आपणहून बूट काढले.

"पाणी कुठवर आलं होतं?"

"खिडकीच्या वर."

"खूण दिसत नाही कुठे."

"धुतली. चुनाही लावला."

"आणि सामान?"

"कुजलं, टाकून दिलं."

त्यानं खोलीभर नजर फिरवली. "फोटो काढले होते का?"

"फोन पाण्यातच गेला, बाळा."

तो ओशाळला. "मी जे दिसतं तेच लिहू शकतो, मावशी," असं म्हणून त्यानं बूट घातले. शेजारच्या घरातला चिखल त्याला दिसला, त्यामुळे वायरमनला मदत मिळाली. मावशींना नाही.

मग कचेरीच्या चकरा सुरू झाल्या. वायरमन साक्षीला सोबत जायचा. खिडकीतली बाई म्हणायची, "शेजाऱ्याचं तोंडी चालत नाही हो. फेरपाहणी मागा." मावशींनी ती मागितली. इस्त्रीचं काम बंदच पडलं होतं. कपडे गमावलेली जुनी गिऱ्हाइकं नजर चुकवून जायची. काही तोंडावर बोलायची. मावशी ऐकून घ्यायच्या.

भिंतींनी पोटात धरलेलं पाणी हिवाळ्यात बाहेर आलं. चुना फुगला, गिलाव्याचे पापुद्रे म्हाताऱ्याच्या खाटेवर पडू लागले. त्याची धाप वाढत गेली. मावशी त्याला पाठीशी उशी देऊन बसवायच्या आणि रात्र रात्र पाठ चोळायच्या. एका पहाटे तो तसाच बसल्या जागी गेला.

त्यानंतर फेरपाहणीचा साहेब आला. वयानं मोठा, घाईतला. त्यानं भिंतीवर बोट फिरवलं.

"ही जुनी ओल आहे. वादळातलं नुकसान नाही हे."

वायरमन चिडला. "अहो, पहिल्या वेळी भिंत चांगली म्हणून नाही म्हणालात. आता खराब आहे तर जुनी?"

"तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब म्हणाला.

मावशींनी वायरमनला हातानंच थांबवलं. भांडायचं ज्यांच्यासाठी, ते आता खाटेवर नव्हते.

उन्हाळ्यात मागची भिंत खचली आणि भाऊ टेम्पो घेऊन आला. भरायला फारसं नव्हतंच. वायरमननं खाट चढवली, दोरी आवळली.

"घर नीट करून घेऊ हळूहळू. तुम्ही परत याल ना?"

"कशाला?" मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. वायरमन दोरीची गाठ पुन्हा तपासत राहिला, तोवर भावानं गाडी सुरू केली.