गणिताच्या डॉक्टरांचं पॅनल

चंदीगडातल्या गणिताच्या डॉक्टरांना नोकरीचा रस्ता मी दाखवला, हे मी छाती ठोकून सांगतो! म्हणजे, हॉलचं कुलूप मी उघडलं. म्हणजे, तिसऱ्या चावीनं उघडलं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नववीत गणितानं मला पाडलं, तसा फौजेत गेलो. रिटायर होऊन इथंच राहिलो आणि युनिव्हर्सिटीच्या गणित विभागात अटेंडंट म्हणून लागलो. ज्यानं पाडलं त्याच्याच दारात स्टूल टाकून बसलोय, ऐटीत! पोरं मला 'फौजी अंकल' म्हणतात. इथं किस्से शोधावे लागत नाहीत. फळ्याखाली खडूची पूड साठते तसे रोज साठतात. झाडले नाहीत तर नाकात जातात.

आता त्या पॅनलचंच घ्या.

*

वैदेही आमची परभणीची, पीएच.डी.चं पाचवं वर्ष. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडणंही मराठीत. एक दिवस म्हणाली, "काका, मी पॅनल उभं करतेय. करिअर पॅनल."

मी खूश! म्हटलं, "आधी सांगायचं नाही का पोरी! विरोधात कोण आहे? निशाणी काय घेतलीस?"

"निशाणी?"

"कपबशी घे. आमच्या गावात कपबशी कधी पडली नाही."

"काका, ग्रामपंचायत नाही हो! गणितात पीएच.डी. करून नोकरीला लागलेले चारजण येऊन बसणार, आणि आमची पोरं त्यांना प्रश्न विचारणार."

"मग निवडून कोण येणार?"

"आमच्यातलं एखादं कुणी कुठं निवडलं गेलं, तरी गुलाल उधळीन!"

*

घोटाळा माझ्या एकट्याचाच झाला असं नाही. वैदेहीनं मेंटेनन्सला अर्ज दिला, 'सेमिनार हॉलमध्ये पॅनलची व्यवस्था व्हावी.' दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन हजर! खांद्यावर वायरचं भेंडोळं. हॉलच्या चारी भिंती ठोकून बघितल्या आणि म्हणाला, "पैनल लगाना कहाँ है जी?"

विभागात वैदेहीच्याच खोलीत बसून पीएच.डी. करणारा हरप्रीत तिच्या मदतीला होता. सहा फूट उंच, पराठ्याशिवाय गणित न सुचणारा. तो म्हणाला, "स्टेज पे, भाईसाब. चार बंदे बैठेंगे."

"पैनल पे बंदे? करंट लगेगा जी!"

मी म्हटलं, "वोही तो लगाना है!"

*

करंट पहिल्यांदा लागला तो विभागाच्या हेडसाहेबांना. माणूस विद्वान, यात शंका नाही. पण 'नोकरी' शब्द ऐकला की कडुलिंब चावल्यासारखं तोंड करतात. साहेब आणि पोरं बोलतात हिंदी-इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतो. वैदेहीला म्हणाले, "हा गणित विभाग आहे, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज नाही. चांगल्या विद्यार्थ्याला काम मिळतंच. ट्रिव्हिअल!"

'ट्रिव्हिअल' हा साहेबांचा लाडका शब्द. म्हणजे इतकं सोपं की सिद्ध करायचीही गरज नाही.

गंमत अशी, की हेच साहेब वैदेहीचे गाइड. तिचा थीसिस लिहून तयार, फाइल साहेबांच्या टेबलावर, फक्त सही बाकी. सही झाली नाही तर पाच वर्षं पाण्यात. आणि परभणीहून वडलांचा धोशा, "परत ये, बी.एड. कर."

मी शहाणपणा शिकवला, "पोरी, आधी सही घे. मग पंगा घे."

"सही घेऊन घेतला, तर तो पंगा कसला हो काका?"

*

कुणाला बोलवायचं हे ठरवायला पोरांची मीटिंग भरली. सातजण. एकानं पहिलाच प्रश्न टाकला, "करिअर म्हणजे काय? आधी डेफिनिशन!"

झालं! फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. रिकामं बसणं हेही करिअर धरायचं का, यावर दोन तट पडले. हरप्रीत म्हणाला, "शून्य जर संख्या असते, तर हेही धरायला हवं." मी दोन वेळा चहा देऊन आलो, तरी गाडी तिथंच.

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "आम्ही बॉर्डरवर शत्रूची डेफिनिशन करत बसलो असतो ना, तर शत्रू येऊन जेवून गेला असता!"

हरप्रीत गंभीरपणे म्हणाला, "पण अंकल जी, तो शत्रूच आहे हे तुम्हाला कळायचं कसं?"

*

खुर्च्या सेक्टर बावीसच्या टेंटवाल्याकडून आणायच्या होत्या. हरप्रीतनं यादी पाठवली, खुर्ची नंबर शून्य ते चाळीस. हे लोक मोजायला शून्यापासूनच लागतात! टेंटवाल्याचा मला फोन, "फौजी साब, ये जीरो नंबर कुर्सी पे कौन बैठेगा?"

म्हटलं, "जिसको नौकरी नहीं मिली, वो."

"फिर तो एक से काम नहीं चलेगा जी!"

*

चंदीगडजवळ डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात एक मॅडम आहेत, आमच्याच विभागातून पीएच.डी. झालेल्या. नवं औषध खरोखर लागू पडतं की नुसतं वाटतं, हे आकड्यांवरून ठरवतात. वैदेहीनं स्पीकरवर फोन लावला आणि घाबरत विचारलं, "मॅडम, गणित सोडलंत तेव्हा वाईट वाटलं का?"

"सोडलं कुणी?" मॅडम अशा कडाडल्या की मी स्टुलावरून उठलो. "गणित तेच आहे. तिथं चुकलं तर मार्क जायचे, इथं चुकलं तर माणूस जातो!"

हरप्रीतनं हातातला पराठा खाली ठेवला. मी त्याला असं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

*

हॉलच्या रजिस्टरवर साहेबांची सही लागते. आता मी जन्माचा खोडकर. एक जुनी नोटीस काढली आणि 'विषय' या रकान्यात अक्षर अन् अक्षर उतरवलं, 'एक्झिस्टन्स ऑफ नॉन-ट्रिव्हिअल सोल्यूशन्स'. अर्थ कुणाच्या बापाला ठाऊक! पण त्यात साहेबांचा लाडका शब्द होता.

साहेबांनी वाचलं, चेहरा उजळला, सही ठोकली. "वा! वक्ता कोण?"

"बाहेरचे आहेत सर. चार आहेत."

"चार-चार! उत्तम!"

मी नाचतच वैदेहीकडे गेलो. तिनं रजिस्टर बघितलं, आधी पोट धरून हसली. मग माझंच पेन घेऊन ती ओळ खोडली आणि खाली ठसठशीत लिहिलं, 'करिअर पॅनल'.

"काका, हे चोरून नाही करायचं मला." आणि रजिस्टर काखेत मारून थेट साहेबांच्या केबिनमध्ये!

मी दाराला कान लावला. काही ऐकू येईना. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. खोडलेल्या ओळीच्या खाली नवी सही होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी स्वतः येऊन बसणार. पहिल्या रांगेत."

"हा आशीर्वाद का धमकी?"

"ट्रिव्हिअल नाही, काका."

*

पॅनलच्या दिवशी हॉल गच्च! फिजिक्सची पोरंही घुसली. स्टेजवर डेराबस्सीच्या मॅडम, मोहालीतला एक सॉफ्टवेअरवाला, एक विमा कंपनीवाला आणि शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. पहिल्या रांगेत साहेब, हाताची घडी घालून.

पोरं सुटलीच. एकानं विचारलं, "इंटरव्ह्यूत आमचा रिसर्च पाच वाक्यांत सांगा म्हणाले तर?"

मॅडम म्हणाल्या, "तीनच सांगा. चौथ्याला ते घड्याळ बघतात."

हशा चालू असतानाच साहेब उठले. वैदेहीची फाइल अजून त्यांच्या टेबलावर तशीच होती, सकाळी टेबल पुसताना मी बघितली होती.

साहेब चिडलेले नव्हते. उलट मान ताठ, आवाजात अभिमान. म्हणाले, "तीस वर्षं मी शिकवतोय. या तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं माझ्याकडे नोकरीचा विषय काढलेला नाही."

आणि टाळ्यांसाठी थांबावं तसे थांबले.

मी दाराशी उभा. वैदेहीला डोळ्यांनी खुणावलं, हवेत सही करून दाखवली, तोंडावर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. माइक जवळ ओढला आणि अगदी हळू, अदबीनं विचारलं,

"सर, ते सगळे विद्यार्थी सध्या कुठं असतात?"