बरडावर सोडलेले उंदीर

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ इंद्रभान, म्हणजे आमचे मोठेबाबा, एकेचाळीस साली वारले. तेव्हा अख्खं गाव म्हणालं, माणूस पुण्यवान होता, मुक्या जिवांना त्याने मारलं नाही. मला तिथेच संताप आला. त्या मुक्या जिवांनी पुढे काय केलं हे गावाला चांगलं ठाऊक होतं, पण चकार शब्द काढायला कोणी तयार नव्हतं. मोठेबाबांनी मरणाच्या वर्षभर आधी मला सगळं सांगितलं होतं. तेव्हा आता मीच सांगतो.

एकोणीसशे अकराचा हिवाळा होता. शेलूबाजारात उंदीर पडू लागले होते. घरात उंदीर मरून पडले की चार-आठ दिवसांत माणसाला ताप भरतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ येते, हे तोवर पोराटोरांनाही कळलं होतं. आमच्या गावात अजून काही नव्हतं. तहसीलचा कारकून गाडीभर पिंजरे घेऊन आला आणि चावडीपुढे त्याने हुकूम वाचला. सापडलेला उंदीर पाण्यात बुडवून मारायचा आणि जाळायचा. गावात, शिवारात, जंगलात, कुठेही सोडायचा नाही. सोडेल त्याला तुरुंग.

पाटलाने हे काम मोठेबाबांच्या गळ्यात मारलं. प्लेगच्या आदल्या साथीत त्यांची बायको रुखमाबाई गेली होती. तिला आणि आणखी सहा जणांना मसणात न्यायला त्यांनीच उचललं होतं, कारण दुसरं कोणी पुढे होईना. हा माणूस कच खायचा नाही, असं पाटलाला वाटलं.

पहिल्या दिवशी नऊ उंदीर सापडले. मोठेबाबांनी घासलेटच्या डब्यांत पाणी भरून ते बुडवले आणि हातपाय धुऊन घरी आले. त्यांची आई गोजराबाई चुलीपुढून उठली.

“गणपतीचं वाहन मारून राह्यला तू,” ती म्हणाली. “तुया हातचं पानी मी पेनार नाही. तुया घरात जेवनारबी नाही.”

आणि ती खरंच जेवली नाही. शेजारणींनी विस्तव देणं बंद केलं. चौथ्या दिवशी म्हातारीला घेरी आली आणि ती ओसरीवर पडली, तेव्हा मोठेबाबांनी हात टेकले.

बायकांनी तोडगा तयारच ठेवला होता. पिंजऱ्याला हळदकुंकू लावायचं, ओंजळभर जोंधळा बरोबर द्यायचा आणि नाल्यापलीकडच्या बरडावर उंदीर सोडायचे. दाणे तिथेच टाकून हात जोडायचे, ‘खाऊनपिऊन सुखी राहा, आमच्या घरी परत येऊ नका.’ बरड म्हणजे नुसते दगड आणि पळसाची खुरटी झाडं. तिथे ना शेत होतं ना वस्ती. उंदरांना सापांनी खाल्लं तर पाप सापाच्या माथी. मोठेबाबा रोज पहाटे पिंजरे डोक्यावर घेऊन नाला उतरायचे आणि परत येऊन पाटलाला सांगायचे, बुडवले. पाटीलही मान डोलवायचा. त्याच्या घरूनच सगळ्यात मोठी ओंजळ येत होती, त्याला काय माहीत नव्हतं?

दीड महिन्याने पाटलाच्या बळदात, धान्याच्या कोठीत, उंदीर मरून पडला. गाव उठलं आणि शेतांत झोपड्या घालू लागलं. गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा होता. बरडावरच्या उंदरांचं गावाने तिकडे कळू दिलं नव्हतं. तिथला हेमला मोठेबाबांचा जिवाभावाचा माणूस. दोघांकडे एकेकच बैल, तेव्हा दोघांची जोडी करून दोघांची शेतं वाहायची, असं नऊ वर्षं चाललं होतं. रुखमाबाई गेली त्यानंतर हेमला पंधरा दिवस मोठेबाबांच्या अंगणात येऊन झोपला होता, ते एकटे पडू नयेत म्हणून.

तो हेमला विचारायला आला.

“इंद्रभान, आमी तांडा हालवून राह्यलो. नाल्यापलीकडं बरडावर जावं म्हनतो. उंदराचं तुले समजते. तठी उंदीर नसन ना?”

उत्तर जिभेवर होतं, असं मोठेबाबा मला म्हणाले. पण बोलावं तर हुकूम मोडल्याचं बाहेर येणार, आपण तुरुंगात, पाटील अडचणीत आणि आईच्या नावाने गावभर बोंब. शिवाय त्यांनी मनाची समजूत घातली, एवढ्या दिवसांत सापांनी, घारींनी काय ठेवलं असेल? स्वतःला फसवायला बसलेल्या माणसाला कारणं भरपूर सापडतात.

“तठी पानी दूर पडते,” एवढंच ते म्हणाले.

“पानी आनू डोक्यावर. जीव तं वाचन,” हेमला म्हणाला आणि निघाला.

उंदीर मेले नव्हते. दगडांच्या कपारीत, बायकांनी पाठवलेल्या जोंधळ्यावर ते तगून राहिले होते. बरडावर चुली पेटल्या, पोती सुटली, तसे ते माणसांत परत आले. दहाव्या दिवशी ते झोपड्यांमध्ये मरून पडू लागले. हेमलाची सात वर्षांची मुलगी रुपा तापाने फणफणली. मोठेबाबा बातमी ऐकताच धावले. दोन दिवस तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसले, तेव्हाही बोलले नाहीत. रुपा गेली. तिसऱ्या दिवशी तिची आई जमनाबाई गेली. तांड्यात एकूण अकरा माणसं गेली.

मग मोठेबाबा पायी तहसीलला गेले आणि कारकुनापुढे उभे राहिले. “उंदीर म्या सोडले. मले आत टाका.” कारकुनाने पाटलाला बोलावून घेतलं. पाटील म्हणाला, सगळे उंदीर माझ्या डोळ्यांदेखत बुडवले, बायको मेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. कारकुनालाही वरून खुलासे मागवले जायला नको होते. त्याने मोठेबाबांना घरी पाठवलं. ज्याने सोडले तो कबूल करत होता आणि ज्यांनी सोडायला लावले ते साक्षी देत होते. असला तो कायदा.

तिथून ते सरळ बरडावर गेले. तांड्याचा नायक हरिसिंग याने पंच बसवले. पिंजरे, कुंकू, जोंधळा, आईचा उपास, मोठेबाबांनी सगळं सांगितलं. तरण्या पोरांनी काठ्या उचलल्या. हेमलाने हाताने त्यांना खाली बसवलं.

“उंदीर सोडले ते सोडले,” तो म्हणाला. “आमच्या बायका रडल्या असत्या तं आमीबी सोडले असते. मले एकच सांग. मी बरडाचं इच्यारलं, तवा तुले मालूम होतं?”

“होतं.”

मग हरिसिंगने विचारलं, दंड काय घ्यायचा? मोठेबाबा म्हणाले, बैल घ्या, वावर घ्या, माझं जे आहे ते घ्या.

“याच्यापासून काईच घेऊ नका,” हेमला म्हणाला. “घेतलं तं फिटलं म्हनन हा.”

तांडा पोहरादेवीकडे निघून गेला. इकडे गोजराबाई उंदीर सोडले तेव्हापासून मुलाच्या हातचं खात होती, ती समाधानाने मेली. मोठेबाबा त्यानंतर तीस वर्षं जगले. दर चैतात ते पायी पोहरादेवीच्या जत्रेला जायचे, हेमलाचं पाल शोधायचे आणि त्याच्यापुढे जमिनीवर बसायचे. हेमला पाण्याचा तांब्या पुढे सरकवायचा. बोलला कधीच नाही.