आडवा फोन आणि पाकेची किटली

माझ्या भाचीच्या अंगातलं एक तृतीयांश रक्त गायब आहे, असं मी भर वाढदिवसात जाहीर केलं. वाढदिवस माझ्या बहिणीचा, मारितचा. पाहुणे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे खुर्च्यांचा गोल करून बसलेले, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन करून झालेलं, कॉफीही फिरलेली. सिबेल आत्या तिने घरून करून आणलेला केक मांडीवर घेऊन कापायच्या बेतात होती. माझं वाक्य ऐकून ती ताडकन उठली, केक खुर्चीवर ठेवला, "काय म्हणालास?" असं विचारलं. मी पुन्हा सांगितलं. आत्या मटकन खाली बसली. केकवर.

संत्र्याच्या सालीचा, वर गुलाबी साखरेचा थर दिलेला अख्खा केक. असो.

झालं होतं ते असं. हिस्के तीन वर्षांची. खेळशाळेत बाकीची पोरं धिंगाणा घालायची आणि ही सतरंजीवर आडवी. चेहरा ताकासारखा पांढरा. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं काही दिसत नाही, एकदा साधं रक्त बघून घेऊ. त्याचा निकाल मारितच्या फोनवर आला शुक्रवारी संध्याकाळी, दवाखाना सोमवारपर्यंत बंद झाल्यावर. मारितने ठरवलं होतं की सोमवारीच उघडायचं. पण शनिवारी तिचे हात मलईत होते, फोन टेबलावर होता आणि मी रिकामा होतो.

मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. वैद्यकाशी माझा संबंध इतकाच, की अधूनमधून रक्तदान करतो. तिथे सुई टोचून आधी हिमोग्लोबिन बघतात. माझं आमच्याकडच्या मापात नऊ पूर्णांक चार (इतरत्रच्या मापात पंधरा) भरतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही आहे. हिस्केचं होतं सहा पूर्णांक सहा. गावच्या शाळेत शिकलेला भागाकार असा अचानक कामाला आला.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तर निदान कॉफी तरी प्यायला मिळाली असती. पण खाली एक मालगाडीएवढं लांब नाव होतं, पुढे आकडा दोनशे पंचेचाळीस. मी इंटरनेटवर शोधलं. तिथे म्हटलं होतं की एकशे पंधरापर्यंत ठीक, वर गेला तर यकृत तरी बघा, नाहीतर हाडं.

"रेंस काकांचंही यकृतच होतं," केकवरून उठत आत्या म्हणाली.

"आत्या, काका नव्वदाव्या वर्षी शिडीवरून पडून गेले."

"हो, पण यकृत होतंच ना."

आता पाके पुढे सरसावला. पाके म्हणजे आजोबा. माझा बाप, ऊबेले. हिस्के जन्मल्यापासून मीही त्याला पाकेच म्हणतो. मारितच्या तोंडातलं मात्र 'हाइत', म्हणजे बाबा, काही गेलं नाही. पन्नास वर्षं गाई पिळलेला माणूस. प्रत्येक गाईच्या दुधाचा तपासणीचा कागद त्याने आयुष्यभर वाचला, तेव्हा रक्ताचा कागद तो काय वाचणार नाही?

"पांढऱ्या पेशी किती?"

"अकरा."

"वाढल्यात," पाके गंभीरपणे म्हणाला. "दुधात पेशी वाढल्या की समजायचं, सड सुजलाय."

"हाइत," मारित म्हणाली, "माझ्या मुलीला सड नाहीत."

पण तिचा आवाज हलका झाला होता. पाहुणे लवकर उठले. रविवारभर मारितने हिस्केला नजरेआड होऊ दिलं नाही, आणि आपल्याकडे इतकं काय बघतायत हे न कळून हिस्के आणखी दोन पेले दूध प्यायली.

या दुधाबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मारितने गोठा हातात घेतला आणि पिळायला यंत्रमानव आणला. गाय आपली आपण चालत जाते, उभी राहते, मोकळी होऊन परत येते. पहिल्या आठवड्यात पाके रोज पहाटे तिथे जाऊन उभा राहायचा. मग त्याच्या लक्षात आलं की यंत्राला तो नको आहे, आणि गाईंनाही त्याची आठवण येत नाहीये. हे दुसरं त्याला जास्त लागलं.

त्याच्याकडे एकच काम उरलं. सकाळ-संध्याकाळ टाकीतून दूध घ्यायचं, आपल्या स्वयंपाकघरात तापवायचं, आणि पोचे पडलेल्या जुन्या किटलीतून अंगण ओलांडून हिस्केला आणून द्यायचं. ती पायरीवर पेला घेऊन बसलेली असायची. किटलीच्या कडीचा आवाज आला की उभी राहायची. गावात कुणी "काय ऊबेले, निवृत्त झालास म्हणे?" असं विचारलं तर पाके म्हणायचा, "छे, माझं एक गिऱ्हाईक आहे अजून."

सोमवारी आम्ही सगळे दवाखान्यात. डॉक्टर पोस्टमांनी मारितचा फोन घेतला आणि आडवा केला, एवढंच. उभ्या फोनवर जो रकाना पडद्याबाहेर जात होता तो दिसू लागला. त्यात प्रत्येक आकड्यापुढे हिस्केच्या वयाच्या पोरांची मर्यादा लिहिलेली होती.

"तुम्ही तिचं रक्त कुणाशी ताडलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याशी," मी म्हणालो.

"तुमचं वय?"

"सव्वीस."

"मग तिला वाहन परवानाही काढून द्या."

मग त्यांनी समजावलं. लहान मुलांचं हिमोग्लोबिन मोठ्या पुरुषापेक्षा कमीच असतं. हिस्केच्या वयाला सहा पूर्णांक आठ पुरतं, तेव्हा हिचं जरासंच खाली आहे. पांढऱ्या पेशी या वयात जास्तच असतात, अकरा म्हणजे काहीच नाही. आणि ती मालगाडी? हाडं वाढत असली की तो आकडा चढतो. मोठ्या माणसात चढला तर बघावं लागतं. "ही वाढतेय, तो आजार नाही."

मारितने दोन दिवसांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"पण हे बघा," डॉक्टरांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे बारीकसा बाण होता. तो आकडा मी वाचलाही नव्हता, कारण तो घाबरवण्याइतका मोठा नव्हता. सात. "हा अंगातला लोहाचा साठा. निदान बारा हवा. म्हणून ती दमते. दूध किती पिते?"

पाके ताठ बसला. "एक लिटर. मन लागलं तर सव्वा."

डॉक्टर पोस्टमा स्वतः गोठ्याच्या घरातल्या, त्यामुळे त्यांनी शब्द जपून टाकले. दूध वाईट नाही. पण त्यात लोह नसल्यात जमा. त्यानेच पोट भरलं की दुसरं खाणं जात नाही, आणि जे जातं त्यातलं लोहही जास्त दुधाने अंगी नीट लागत नाही. "दिवसाला दोन छोटे पेले. लोहाचे थेंब देते, ते दुधाबरोबर द्यायचे नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

गाडीत पाके खिडकीबाहेर बघत होता. पूल आला तेव्हा म्हणाला, "माझ्या आजाच्या आजापासून दूधच पितोय आम्ही."

"तुझ्या आजाचा आजा पन्नाशीत गेला, हाइत," मारित म्हणाली.

"दुधाने नाही गेला."

दुसऱ्या दिवशी किटली आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मारितने पेल्यात दूध दिलं, हिस्केने ते बाजूला सारलं आणि पायरीवर जाऊन बसली. खायचंही नाव नाही. मारित मला म्हणाली, "यारिख, बोलभांड्या, जा. तूच सुरुवात केलीस."

पाके वासरांच्या गोठ्यात सापडला. कठड्यावर हात टाकून उभा. आत चार वासरं गवत चघळत होती आणि पाचवं रिकाम्या बादलीत तोंड घालून ती ढकलत होतं.

"हा बघ," पाके म्हणाला. "मारित याला अजून भरपूर दूध पाजते. मग हा गवताला कशाला तोंड लावेल? दूध हळूहळू तोडायचं. एकदम तोडलं तर रुसतं. आणि खाणाऱ्या वासराच्या शेजारी बांधायचं, म्हणजे बघून शिकतं. पन्नास वर्षं मी काय..."

तो थांबला. वासराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तू बोलू नकोस," तो म्हणाला.

मी तोंडही उघडलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी कडी वाजली. एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात बशी. बशीत काळ्या ब्रेडचे तुकडे, त्यांवर सफरचंदाचा घट्ट काळा पाक, शेजारी उकडलेलं अंडं आणि खिम्याचा छोटा गोळा. पाकेने हिस्केचा छोटा पेला भरला, किटलीला झाकण लावलं आणि किटली पाठीमागे ठेवली. मग पायरीवर तिच्या शेजारी बसून मचमच आवाज करत स्वतःच ब्रेड खायला लागला. हिस्केने पेला संपवून पुढे केला. पाकेने ब्रेड पुढे केला. तिने भोकाड पसरलं. पाकेचा हात किटलीकडे सरकला.

"हाइत, मी बघतेय," खिडकीतून मारित.

"बघ की. झाकण घट्ट आहे का बघत होतो."

तीन दिवस पाकेने एकट्याने दोघांचा नाश्ता खाल्ला. चौथ्या दिवशी हिस्केने त्याच्या तोंडाजवळचा तुकडा हिसकावला आणि त्यावरचा पाक चाटून टाकला. पाचव्या दिवशी ब्रेडही गेला. लोहाचे थेंब पाकेने आधी स्वतः चाखले, गंजक्या खिळ्याची चव आहे असा निर्वाळा दिला आणि रोज तिच्याबरोबर एक थेंब आपल्याही जिभेवर घेऊ लागला. त्याचं लोह आता किती झालं असेल, देव जाणे. चुंबकापासून लांब राहा म्हणून मी त्याला सांगून ठेवलंय.

हळूहळू किटली हलकी झाली आणि बशी जड. वेळ मात्र तीच, पायरीही तीच. हिस्के आता बदकांच्या मागे धावते, तेही दुपारी, जेव्हा पूर्वी ती झोपलेली असायची.

दुसरा निकालही मेला शुक्रवारीच आला. मारितने फोन पाकेच्या हातात दिला. त्याने चष्मा पुसला, फोन आडवा केला, आणि माझ्याकडे एकदा बघितलं, मला नीट दिसतंय ना म्हणून. लोहाचा साठा एकवीस. हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक. बाण नाही.

"आणि मालगाडी?" मी विचारलं.

"दोनशे पन्नास." पाकेने दाराशी बघितलं. हिस्के चिखलाचे बूट ओढत होती आणि टाच आत जात नव्हती. "वाढतेय." मग जरा घसा खाकरून, "आता दूध थोडं..."

"नाही," मारित म्हणाली.

"विचारलं नुसतं."

राहता राहिला केक, तो मी भरून द्यायचा होता. सिबेल आत्याची अट अशी की मी स्वतः करायचा, बेकरीतला चालणार नाही. एकदा प्रयत्न केला. तो दुकानात टांगला असता तर मागच्या चाकाचा भाग म्हणून खपला असता. वासरांपुढे ठेवला तर त्या पाचव्यानेही वास घेऊन मान फिरवली. तेव्हापासून आत्या भेटली की हिस्केचं यकृत, हाडं, काहीसुद्धा विचारत नाही. खुर्चीवर बसण्याआधी एकदा मागे वळून बघते आणि म्हणते, "मग, यारिख? कधी?"