माझं नाव कामून बदललास?

कमठाण्याच्या माझ्या धाकट्या मावशीइतका कडक समीक्षक मला पुढं कुठल्याही मोठ्या शहरात भेटला नाही, आणि तिला तर अक्षरओळखही नव्हती. मी लिहिलेलं ती ज्वारी पाखडत माझ्याकडूनच वाचून घ्यायची. आवडलं तर काही बोलायची नाही. खटकलं तर सूप खाली ठेवायची. कादंबरीतली माणसं तिच्या लेखी सोयऱ्याधायऱ्यांइतकी खरी. एकदा मी एका बाईला उपाशी झोपवलं, तर मावशी भडकली. "भाकर वाढायला तुझं काय जायलतं रे? कागदावरच हाय की." मी गोष्टीत गरिबी दाखवण्याचं महत्त्व समजावू लागलो. "उपाशी कोन झोपलं न्हाई? पन शेजारीन डोकावून बघंल का न्हाई? कुटं गेली तुझी शेजारीन?" मी मुकाट्यानं शेजारीण लिहिली. पुढं वाचकांना तीच सगळ्यात आवडली. त्यानंतर बसवकल्याणच्या बसमध्ये मावशी कंडक्टरला कन्नडमध्ये सांगू लागली, की हा पुस्तकं लिहितो, पण मला विचारून.

माझी पहिली कादंबरी तर मुळात तिचीच गोष्ट होती. तिला राजेश्वर गावात दिलेली. नवरा पिऊन मारायचा. एका सकाळी ती पेटी डोक्यावर घेऊन माहेरी आली ती कायमची, आणि दुसऱ्यांच्या वावरात राबून ताठ मानेनं जगली. हे सगळं तिनंच मला सांगितलं होतं. मी फक्त नाव बदललं. तरी छापायच्या आधी थोरल्या मामांना कळलंच. "घरातलं बाजारात मांडायलास," ते म्हणाले. "चुलीत घाल ते बाड." मामांपुढं बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. मी बाड बांधून ठेवलं.

मावशीनं त्याची गाठ सोडायला लावली. दुपारभर मी वाचत होतो, मामा दाराशी उभे. संपल्यावर तिनं विचारलं, "माझं नाव कामून बदललास?"

"लोक ओळखतील म्हणून, मावशी."

"मी काय चोरी करून आल्ते व्हय? त्यानं मारलं, लाज त्यानं धरावी. माझंच नाव घाल. शेवंता." मग मामांकडं वळून शांतपणे म्हणाली, "अण्णा, तवा तू मला परत धाडायला निघाला व्हतास. त्ये बी हाय त्यात. बरं लिवलंय पोरानं."

मामा खाली बसले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

पुस्तक निघालं. बसवकल्याणला सत्कार झाला. पाहुणे म्हणाले, शेवंता ही लेखकाच्या प्रतिभेची निर्मिती आहे. मावशी पहिल्या रांगेतून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "निर्मिती न्हाई साहेब, मी हितं बसलेय." आधी लोक हसले, मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सत्कार माझा होता आणि टाळ्या तिला. इतका अभिमान मला पुढं कुठल्याच पुरस्काराच्या वेळी वाटला नाही.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी वाचक भेटला की विचारतो, शेवंता खरंच होती का? मी होय म्हणतो. मग तो आणखी काही विचारेल म्हणून थोडा वेळ तिथंच थांबतो.